बिडावरचे ‘१८४२’ हे साल नव्हे: वाईच्या एका जुन्या पियानोची ओळख

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वाईच्या आमच्या घरात एक जुना उभा पियानो आहे. आजोबांनी तो १९४८ च्या सुमारास पाचगणीच्या एका बंगल्याच्या लिलावात घेतला. पट्ट्यांवरच्या झाकणावर मुंबईच्या एका वाद्यांच्या दुकानाचे नाव सोनेरी अक्षरांत आहे. आत लोखंडावर १८४२ हा आकडा आहे, म्हणून घरात सगळे त्याला १८४२ चा पियानो म्हणतात. लाकडावर वेगळा पाच आकडी नंबर आहे, ३१ हजारांच्या घरातला. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी म्हणाले की हा त्या दुकानानेच मुंबईत बनवला असणार. खरा कोणाचा, किती जुना आणि किंमत काय? सोबत सात फोटो.

फोटो मी दोनदा, मोठे करून पाहिले. निष्कर्ष आधी सांगतो. पियानो १८४२ चा नाही आणि मुंबईत बनलेलाही नाही. लंडनच्या एखाद्या कारखान्यात, साधारण १८८५ ते १९१० या काळात, गरम आणि दमट हवेच्या देशांत पाठवायचा म्हणून मुद्दाम तसा बांधून तो बोटीने इकडे आला आहे. कारखान्याचे नाव या सात फोटोंतून कळत नाही. पण ते पियानोच्या पोटात असण्याची शक्यता चांगली आहे, आणि कुठे शोधायचे ते सविस्तर लिहितो.

तीसेक वर्षे मी पियानोंचे ट्यूनिंग आणि दुरुस्ती करतो. मुंबईत धोबीतलावला एका गोवेकर ट्यूनर अंकलकडे मी हे काम शिकलो. त्यांची पहिली शिकवण अशी होती की पियानो पाहायला गेल्यावर झाकणावरचे नाव सगळ्यात शेवटी वाचायचे. ते नाव एकदा डोक्यात बसले की माणूस आतल्या खुणा त्याला जुळवून घेत बसतो. तुमच्या घरात तेच झाले आहे, फक्त नावाऐवजी आकडा डोक्यात बसला.

तर आधी तो आकडा. तिसऱ्या फोटोत १८४२ स्पष्ट दिसतो. तो बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चौकटीवर खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे आणि आकडे उठावाचे आहेत. बोट फिरवलेत तर हाताला लागतील. उठावाचा आकडा म्हणजे ओतकामाच्या साच्यातच तो होता. ओतशाळेत चौकटीच्या प्रत्येक नमुन्याला क्रमांक असे, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक चौकटीवर तोच क्रमांक येई. म्हणजे तुमच्या पियानोची जुळी भावंडे जगात कुठे असतील तर त्या सगळ्यांवर १८४२ च असणार. पियानोचा स्वतःचा अनुक्रमांक बहुतेक वेळा ठशाने खोल दाबलेला, शाईने छापलेला किंवा रंगाने लिहिलेला असतो, कारण तो प्रत्येक वाद्याला वेगळा द्यावा लागतो. उठावाचा आकडा साच्याचा आणि खोल आकडा वाद्याचा, एवढे लक्षात ठेवलेत तरी निम्मा घोळ मिटेल. दरवर्षी दोन-तीन घरांत मी हाच गैरसमज पाहतो. आकडा १८ ने सुरू झाला की तो साल वाटतोच.

साल म्हणूनही १८४२ टिकत नाही. पाचव्या फोटोत प्रत्येक हातोडीच्या मागून एक छोटी कापडी फीत खाली गेलेली दिसते. हातोडी तारेवर आपटून मागे येते तेव्हा ही फीत तिला मागे खेचून धरते, म्हणून तोच सूर पटापट पुन्हा वाजवता येतो. उभ्या पियानोतल्या या फितीच्या रचनेचे पेटंट लंडनच्या रॉबर्ट वॉर्नम यांनी १८४२ मध्येच घेतले. शिवाय त्या काळच्या लंडनच्या छोट्या उभ्या पियानोंची चौकट मुख्यतः लाकडी असे, धातूच्या पट्ट्या फक्त आधाराला. तुमच्यासारखी एकसंध ओतलेली बिडाची चौकट साध्या इंग्लिश पियानोंत सर्रास दिसते ती १८८० नंतर. तुमची चौकटही वरपर्यंत जात नाही. ती खुंट्यांच्या लाकडाखाली थांबते आणि खुंट्या उघड्या लाकडात बसवलेल्या आहेत. जर्मन आणि अमेरिकन कारखाने पूर्ण लोखंडी चौकटीकडे गेल्यावरही इंग्लंडच्या मध्यम भावाच्या कारखान्यांनी ही पाऊण चौकट बरीच वर्षे सोडली नाही.

आता झाकणावरचे नाव. व्यापाऱ्यांचा तर्क वरवर बरोबर वाटतो, पण पियानोच्या धंद्याची रीत वेगळी होती. लंडनमध्ये कित्येक कारखाने असे होते की ते स्वतःचे नाव न लावता पियानो बनवत आणि ज्या दुकानाने ऑर्डर दिली त्याचे नाव झाकणावर सोनेरी अक्षरांत उमटवून देत. मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथल्या दुकानांनीही हेच केले. मुंबईत फुर्टाडोज १८६५ पासून आहे. मद्रासेत मिस्क्विथ यांनी १८४२ मध्ये काढलेले दुकान पुढे म्युझी म्युझिकल या नावाने चालत आले. अशी दुकाने पियानो मागवत, विकत, भाड्याने देत, ट्यून करून देत. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये उघडला आणि लंडन ते मुंबई हा प्रवास आफ्रिकेला वळसा न घालता होऊ लागला, त्यानंतर हा माल वाढला. म्हणून झाकणावर मुंबईचे नाव दिसले तर एवढेच समजायचे की मुंबईच्या दुकानाने तो विकला. कधी त्याचा अर्थ त्याहूनही कमी असतो: पियानो दुरुस्तीला आला, झाकणाला नवे पॉलिश झाले आणि जुन्या नावाच्या जागी दुरुस्ती करणाऱ्या दुकानाचे नाव आले.

महाराष्ट्रात पेटी वाजवणाऱ्यांना ही गोष्ट लगेच पटते. पेटीवर दुकानाचे नाव काहीही असो, जाणकार ती उघडून आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पितळी पात्या, पाहतो आणि मगच ते पॅरिसचे की जर्मन ते सांगतो. पियानोलाही तोच न्याय लावायचा.

दुकानाच्या नावाचा एक उपयोग मात्र नक्की होतो, तो म्हणजे पत्ता. नावाखाली रस्त्याचे नाव असेल तर ते दुकान त्या जागेत कोणत्या वर्षांत होते हे जुन्या मुंबईच्या डिरेक्टऱ्यांत सापडू शकते. लंडनच्या कारखान्यांचेही तसेच. ब्रॉडवुड कंपनी दीर्घकाळ ग्रेट पल्टनी स्ट्रीटवर होती आणि १९०४ मध्ये कॉन्ड्युइट स्ट्रीटवर गेली. ब्रॉडवुडच्या पियानोवर यांपैकी कोणता पत्ता आहे एवढ्यावरून काळाची एक बाजू पक्की होते. तुमच्या फोटोत नावाखालची ओळ पुसट आहे. अंधार करा, टॉर्च झाकणाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. सोने उडाले तरी अक्षरांची कड पॉलिशमध्ये राहते आणि आडव्या प्रकाशात ती वाचता येते. त्या जागी ओले फडके किंवा पॉलिश अजिबात लावू नका.

या पियानोचा काळ मी कशावरून धरला ते आता सांगतो, कारण एका खुणेवर मी कधीच साल सांगत नाही.

पहिली खूण तारांची. तुमच्या तारा सगळ्या एका दिशेने, जवळजवळ उभ्या जातात. नंतरच्या पियानोंत खर्जाच्या जाड तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या जातात, म्हणजे फुलीसारखी रचना दिसते. त्यामुळे कमी उंचीत लांब तारा बसतात आणि खर्ज भरदार येतो. अमेरिकेच्या स्टाइनवे कंपनीने ग्रँड, म्हणजे आडव्या, पियानोसाठी या रचनेचे पेटंट १८५९ मध्ये घेतले आणि जर्मनीने ती लवकर उचलली. इंग्लंडचे स्वस्त आणि मध्यम पियानो मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सरळ तारांचेच निघत राहिले. म्हणून सरळ तारा दिसल्या की पियानो फार जुना, असे समजू नका. इंग्लिश असेल तर तो १९०५ चाही असू शकतो.

दुसरी खूण डॅम्परची. पाचव्या फोटोत हातोड्यांच्या समोर उभ्या बारीक तारांची जाळी दिसते. इंग्रज ट्यूनर तिला पक्ष्याचा पिंजरा म्हणत. सूर थांबवणारे नमद्याचे तुकडे, म्हणजे डॅम्पर, हातोड्यांच्या वर बसतात आणि या तारा त्यांना हलवतात. तार थांबवायची तर ती मध्याकडे जास्त हलते तिथे धरायला हवी, पण या रचनेत डॅम्पर तारेच्या टोकाजवळ लागतो. म्हणून असे पियानो सूर सोडल्यावरही किंचित घुमत राहतात. तुमच्या घरी कोणी म्हणत असेल की वाजवून झाल्यावरही आवाज रेंगाळतो, तर तो बिघाड नाही. जर्मन कारखाने डॅम्पर हातोड्यांच्या खाली घेऊन गेले. इंग्रजांचा पिंजरा पहिल्या महायुद्धापर्यंत सर्रास आणि स्वस्त पियानोंत त्यानंतरही चालू राहिला. लंडनचा पियानो असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हा पिंजरा आणि सरळ तारा एकत्र असणे.

तिसरी खूण पट्ट्यांची संख्या. सहाव्या फोटोवरून मी मोजल्या, ८५ भरल्या. आजच्या पियानोत ८८ असतात. वरचे तीन सूर नंतर वाढले. १८८० च्या दशकापासून ८८ ही संख्या मोठ्या कारखान्यांत स्थिरावत गेली, पण ८५ पट्ट्यांचे उभे पियानो पुढेही बरीच वर्षे निघाले. ही खूण एकटी कमकुवत आहे, बाकीच्यांना दुजोरा देते एवढेच.

चौथी खूण मला सगळ्यात जास्त आवडली. समोरच्या उभ्या फळीवर डावीकडे आणि उजवीकडे चार-चार छोटी भोके आहेत, लाकडाच्या भुशाने बुजवलेली. तिथे पितळी मेणबत्तीदाने होती. वळवून पुढे घ्यायची, म्हणजे स्वरलिपीच्या कागदावर उजेड पडे. मुंबईत विजेची मोठी कंपनी १९०५ मध्ये उभी राहिली, पाचगणीसारख्या ठिकाणी वीज त्यानंतरच आली, तेव्हा इकडे येणाऱ्या पियानोला मेणबत्तीदाने ही शोभा नव्हती, गरज होती. ती कुणीतरी काढून विकली असणार. अशी जोडी पियानोपेक्षा लवकर विकली जाते, त्यामुळे जुन्या पियानोंवर मला भोकेच जास्त भेटतात.

पाचवी खूण या पियानोच्या बाबतीत निर्णायक आहे. ॲक्शनच्या आडव्या लाकडावर, पाचव्या फोटोच्या अगदी वरच्या कडेला, ठशाने दाबलेले ब्रूक्स असे नाव दिसते. यामुळे तुम्ही पियानो ब्रूक्स कंपनीचा समजू नका. ॲक्शन म्हणजे पट्टी आणि तार यांच्यामधली सगळी यंत्रणा, ती बनवणारे कारखाने वेगळे असत आणि पियानोवाले ती विकत घेत. लंडनचे हेन्री ब्रूक्स आणि पॅरिसचे हेर्बुर्गर-श्वांडर ही त्यांतली दोन मोठी नावे. १९२० मध्ये या दोघांचे एकत्रीकरण होऊन हेर्बुर्गर ब्रूक्स कंपनी झाली. ठशात नुसते ब्रूक्स आहे, त्यामुळे ॲक्शन त्या एकत्रीकरणाआधीची आहे. ठशाशेजारी आकडा असेल तर तो ॲक्शनच्या कारखान्याचा असतो, पियानोचा नाही. तोही लोक पियानोचा नंबर म्हणून लिहून पाठवतात.

हे सगळे एकत्र ठेवले की खालची मर्यादा चौकटीवरून १८८० नंतर येते आणि वरची मर्यादा ब्रूक्सच्या ठशावरून १९२० च्या आत. महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधून पियानोची निर्यात रोडावली होती आणि समोरच्या फळीवरची कोरीव जाळी व मागचे रेशमी कापड त्याआधीच्या चालीचे आहे, म्हणून मी १८८५ ते १९१० म्हणतो. त्यातही बोलायचे तर १८९५ च्या आसपास. हा शेवटचा आकडा माझ्या डोळ्यांच्या सवयीचा आहे, पुराव्याचा नाही, तेवढा फरक ध्यानात ठेवा.

उष्ण देशांसाठी बांधलेला असे मी कशावरून म्हणालो? दुसऱ्या फोटोत पियानोच्या लाकडी पेटीच्या कोपऱ्यांना आतून पितळी पट्ट्या आहेत आणि त्यांचे स्क्रूही पितळी आहेत. आणि सहाव्या फोटोत, पांढऱ्या पट्ट्यांच्या पुढच्या भागात, टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे ठिपके दिसतात. तुम्ही त्यांना डाग म्हटले आहे. त्या पितळी पिना आहेत. युरोपात हस्तिदंताच्या पातळ चकत्या लाकडी पट्टीवर नुसत्या सरसाने चिकटवत. इथल्या पावसाळ्यात सरस सुटतो, म्हणून हिंदुस्थान आणि इतर वसाहतींसाठी त्या वर पिनांनीही ठोकत. सांध्यांनाही सरसाबरोबर स्क्रू मारत. लंडनच्या कंपन्या अशा बांधणीची खास जाहिरात करत. तो ठिपका नखाने खरवडू नका. सव्वाशे पावसाळे त्या चकत्या जागेवर राहिल्या त्या या पिनांमुळे.

चकत्या हस्तिदंताच्याच आहेत का? जवळून पाहा. हस्तिदंताची चकती सहसा दोन तुकड्यांची असते: पुढचा रुंद भाग आणि काळ्या पट्ट्यांमधून मागे जाणारा अरुंद भाग. त्यांच्यामध्ये केसाएवढी सांध्याची रेघ दिसते. हस्तिदंतात लाकडासारख्या बारीक रेषाही असतात. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची, चकती एकसंध, रेषेशिवाय. मला फोटोत सांधा दिसतो. एक गोष्ट काळजीपूर्वक सांगतो: हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. पियानो घरात ठेवण्याबद्दल मी बोलत नाही, पण तो विकायचा किंवा देशाबाहेर न्यायचा विचार असेल तर आधी वन विभागाकडे लेखी विचारणा करा. आणि कुणी नुसत्या चकत्या मागायला आले तर साफ नकार द्या.

आता ३१ हजारांच्या घरातला नंबर. हा खोल दाबलेला आहे, लाकडावर आहे, पियानोचा स्वतःचा असण्याची शक्यता चांगली. तरीही तो आज निरुपयोगी आहे, कारण कारखाना माहीत नाही. प्रत्येक कारखान्याची मोजणी स्वतंत्र. स्टाइनवेने १८५३ मध्ये सुरुवात ४८३ पासून केली आणि १ लाखावा पियानो १९०३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या व्हाइट हाउसला दिला. त्यांच्या यादीत ३१ हजार म्हणजे १८७० चे दशक. बर्लिनच्या बेकस्टाइनच्या यादीत तोच आकडा १८९० च्या दशकात जातो. ब्रॉडवुडने तर ग्रँड, चौकोनी आणि उभ्या पियानोंच्या वेगवेगळ्या मालिका चालवल्या, त्यामुळे ब्रॉडवुडचा नंबर प्रकार न सांगता कुणाला विचारला तर उत्तर चुकीचे मिळते. इंटरनेटवर नंबर टाकून पहिल्या यादीत जे साल दिसेल ते घेऊ नका. आधी कारखाना, मग नंबर.

कारखाना शोधायला पियानो उघडावा लागेल. वरचे झाकण उचला. समोरची वरची फळी आतून दोन्ही बाजूंना लाकडी किंवा पितळी फिरक्यांवर अडकलेली असते. एका माणसाने फळी धरायची आणि दुसऱ्याने फिरकी वळवायची, नाहीतर फळी पायावर येते. खालची फळी पट्ट्यांच्या बैठकीखाली एका स्प्रिंगच्या पट्टीवर असते. ती वर दाबली की फळी पुढे झुकते. आत खूप धूळ असेल. तोंडाला रुमाल बांधा, कारण जुन्या नमद्यात कसर आणि तिच्यासाठी टाकलेली औषधे दोन्ही असतात. व्हॅक्यूम वापरलात तर नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधा. सुटलेला एखादा भाग आत गेला तर परत मिळत नाही.

पाहायच्या जागा या क्रमाने: वरच्या झाकणाखालची लाकडी कड, पेटीच्या आतल्या दोन्ही भिंती, खुंट्यांजवळचा बिडाचा भाग, आणि मग पियानो भिंतीपासून हात-दीड हात पुढे घेऊन मागचा साउंडबोर्ड (आवाज घुमवणारी लाकडी फळी) व उभे खांब. मागे कधी कधी पेटाऱ्यावरून उतरलेली खूण किंवा मोठा छापील नंबर असतो. पियानो सरकवताना समोरून वरच्या बाजूला धक्का देऊ नका. त्याचे वजन मागच्या बाजूला असते आणि तो पाठीवर उलटतो. चार माणसे घ्या. जुन्या चाकांवर अजिबात विसंबू नका.

सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र पट्ट्या. डावीकडची अगदी पहिली आणि उजवीकडची शेवटची. पट्ट्या बनवणारा, त्या बसवणारा आणि नंतरचे ट्यूनर, सगळे या दोन पट्ट्यांच्या लाकडी बाजूंवर लिहीत. कधी कारखान्याचा ठसा असतो, कधी तोच पाच आकडी नंबर पुन्हा, कधी नुसती कारागिराची आद्याक्षरे. सांगलीकडच्या एका घरातल्या पियानोच्या पहिल्या पट्टीवर मला शिसपेन्सिलीने लिहिलेल्या अकरा तारखा सापडल्या, एकाखाली एक, चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. पहिली १९०९ ची, शेवटची १९३८ ची. एवढ्या वर्षांत कुठल्या ऋतूत तो ट्यून होई तेही कळले. बहुतेक तारखा ऑक्टोबरच्या, पावसाळा उतरल्यानंतरच्या. त्या पियानोला झाकणावर काहीच नाव नव्हते, पण १९०९ च्या आधीचा हे त्या एका पट्टीने पक्के केले.

तुमच्या पियानोची पट्टी काढायची तर आधी झाकण आणि पट्ट्यांच्या मागची आडवी फळी निघावी लागते. पिंजऱ्याच्या रचनेत कधी पट्टी ॲक्शनला अडकलेली असते. सहज वर आली तर उचला. जराही अडली तर सोडून द्या आणि ट्यूनरला बोलवा. ॲक्शन स्वतः बाहेर काढू नका. पिंजऱ्याच्या तारा वाकल्या तर एकेक सरळ करायला दिवस जातो.

पट्ट्यांखाली नाणी, सुया, मोती, बसची तिकिटे सापडतील. ती जपून ठेवा, पण त्यांवरून पियानोचे साल ठरवू नका. एका घरात पट्ट्यांखाली १८६२ चा पाव आणा निघाला आणि त्यांनी पियानो १८६२ चा जाहीर केला. नाणी कित्येक दशके चलनात असतात. नाणे फक्त एवढेच सांगते की ते पडले तेव्हा पियानो अस्तित्वात होता. झाकणावर ‘स्थापना’ असे लिहून दिलेले सालही असेच फसवते. ते कंपनी कधी सुरू झाली याचे असते.

नाव सापडले आणि ते एखाद्या प्रसिद्ध नावासारखे वाटले, तर प्रत्येक अक्षर तपासा. ब्रिन्समीड हे लंडनचे मोठे नाव. तेच आडनाव लावून पियानो विकणाऱ्या दुसऱ्यांविरुद्ध मूळ कंपनीला कोर्टात जावे लागले होते. जर्मन वाटणारी नावे इंग्लंडमध्ये मुद्दाम तयार केली जात, कारण जर्मन पियानोचा भाव जास्त होता.

आत पदके, राजचिन्हे किंवा पेटंटचे आकडे सापडले तर त्यांचा फार उपयोग होतो. पदकांत सगळ्यात शेवटचे साल पाहा: लंडन १८५१ आणि १८६२, पॅरिस १८६७, १८७८, १८८९ आणि १९००, व्हिएन्ना १८७३, लंडनचे शोधांचे प्रदर्शन १८८५. कलकत्त्यातही १८८३-८४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. पियानो शेवटच्या पदकानंतरचाच. राणीचा उल्लेख असेल तर १९०१ पर्यंतचा, राजाचा असेल तर त्यानंतरचा. ब्रिटिश पेटंटचे क्रमांक १९१५ पर्यंत दरवर्षी नव्याने १ पासून सुरू होत, म्हणून त्यांच्याबरोबर साल असावे लागते. १९१६ पासून ते १ लाखाच्या पुढे सलग गेले, तेव्हा सहा आकडी ब्रिटिश पेटंट दिसले की पियानो १९१६ किंवा नंतरचा. जर्मन भागांवर डी. आर. पी. अशी तीन अक्षरे असतील तर ती १८७७ नंतरची, डी. आर. जी. एम. अशी चार असतील तर १८९१ नंतरची. एक सावधगिरी: एखादा भाग नंतर बदललेला असू शकतो, त्यामुळे एका भागावरून सगळ्या पियानोचे वय सांगू नये.

ब्रॉडवुड निघाला तर तुमचे नशीब. त्या कंपनीच्या जुन्या वह्या इंग्लंडमध्ये वोकिंग इथल्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये जपलेल्या आहेत आणि कधी कधी पियानो कोणाला, कोणत्या तारखेला पाठवला इथपर्यंत नोंद सापडते. लंडनच्या छोट्या कारखान्यांच्या बाबतीत असे भाग्य क्वचित.

किमतीबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, पण खरे सांगतो. सरळ तारांचे, पिंजऱ्याचे इंग्लिश पियानो खुद्द इंग्लंडमध्ये लोक फुकट द्यायला तयार असतात, कारण ते आजच्या सुराच्या उंचीवर टिकत नाहीत आणि दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीवर जातो. वयामुळे पियानोची किंमत व्हायोलिनसारखी वाढत नाही. वाईच्या हवेत तुमच्या खुंट्यांचे लाकूड कितपत शाबूत आहे यावर तो पुन्हा वाजेल की नाही हे ठरेल. खुंट्या सैल असतील तर कुणी त्यांवर तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारू देऊ नका. लाकूड तेल प्यायले की खुंटी कायमची सुटते. आणि कोणीही पहिल्याच दिवशी पूर्ण सुरात चढवतो म्हणाला तर थांबवा. इतकी वर्षे सैल असलेल्या तारा एकदम ओढल्या तर तुटतात, तेव्हा दोन-तीन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन चढवायच्या, तेही आजच्या सुरापेक्षा अर्धा सूर खाली ठेवायची तयारी ठेवून. खाली राहिला तरी स्वतःशी तो सुरात असेल आणि गाण्याला साथ करेल. माझ्याकडे तो आला असता तर मी तो विकला नसता. आजोबांनी लिलावातून उचलून पसरणीचा घाट उतरवून आणलेला पियानो घरात वाजता राहणे ही मला त्याच्या भावापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आता मला पुढचे फोटो हवेत: पहिल्या आणि शेवटच्या पट्टीच्या दोन्ही बाजू, झाकणावरचे नाव आडव्या प्रकाशात, ब्रूक्सचा ठसा शेजारच्या आकड्यासकट, आणि साउंडबोर्डची मागची बाजू. एखादा दाबलेला ठसा फोटोत येत नसेल तर त्यावर पातळ कागद ठेवा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा, अक्षरे कागदावर उतरतील. पट्टीच्या लाकडावर पेन्सिलीचे लिहिलेले काही दिसले तर आधी फोटो काढा आणि धूळ फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओले फडके लावलेत की ते हस्ताक्षर जाते.